१३ मिलिमीटर

माझं बीपी पहिल्यांदा जास्त निघालं ते २०१९च्या मार्च महिन्यात. दहावीच्या बोर्डाचे गणिताचे पेपर तपासायला आले होते आणि त्याच आठवड्यात शाळेत शिक्षकांसाठी आरोग्य तपासणी होती. १५८/९६. सिस्टर म्हणाल्या, "बाई, पुन्हा एकदा दाखवून घ्या." मी म्हटलं, पेपरांचा ताण आहे. आठ दिवसांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे मोजलं, १६०/९८. त्यांनी रोज एक गोळी लिहून दिली. दोन महिन्यांनी बीपी १२६/८० आलं आणि मी गोळी बंद केली.

गोळी बंद करा असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. ताप उतरला की तापाची गोळी थांबवायची, तसंच मी केलं. १२६/८० हा आकडा माझा नव्हता, गोळीचा होता, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आयुष्यभर मुलांना 'कारण लिहा' म्हणत आले आणि स्वतःच्या बाबतीत कारण विचारलं नाही. पुढची चार वर्षं मी बीपी मोजलंच नाही. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, छातीत कधी कळ आली नाही. त्रास नाही म्हणजे आजार नाही असं मी धरून चालले होते.

मी साताऱ्यात राहते. आमच्याकडे अजिंक्यतारा चढणं हा पुष्कळांच्या दिनक्रमाचा भाग आहे. मीसुद्धा दर रविवारी मंगळाईच्या देवळापर्यंत जाऊन येत असे, बरोबरच्या दोघी-तिघींशी बोलत, न थांबता. २०२३च्या पावसाळ्यात वाटेत एकदा थांबावं लागलं, मग दोनदा, मग तीनदा. सपाटीवर काही नाही, चढ आला की दम. बोलणं आधी बंद व्हायचं, मग पाय. मैत्रिणी म्हणाल्या, पाळी जायचं वय आहे, वजनही वाढलंय. मी तेव्हा ५२ वर्षांची होते. ते ऐकायला बरं वाटलं म्हणून मी ते मानलं. सप्टेंबरात वह्यांचा गठ्ठा घेऊन शाळेचा दुसरा मजला चढले आणि वर्गात शिरून दोन मिनिटं एक शब्द बोलता आला नाही. पहिल्या बाकावरच्या पोरी घाबरल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात गेले.

माझा एक जुना विद्यार्थी हृदयरोगतज्ज्ञ आहे. त्यानं मला आधी पाच मिनिटं नुसतं बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलायचं नाही. मग दोन्ही हातांत बीपी घेतलं, तीन वेळा. १७२/१०० च्या आसपासच. मग ईसीजी. कागद बाहेर आल्यावर त्यानं तो माझ्यापुढे ठेवला, म्हणाला, "बाई, चौकोन मोजा."

ईसीजीचा कागद म्हणजे आलेख कागदच. लहान चौकोन एक मिलिमीटरचा. छातीवर लावलेल्या तारांपैकी 'व्ही वन'मध्ये खाली गेलेली रेघ १७ चौकोन, 'व्ही फाइव्ह'मध्ये वर गेलेली २२. बेरीज ३९. ३५ किंवा त्याहून जास्त आली तर हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत, म्हणजे तिथला स्नायू, वाढल्याचा संशय घ्यायचा, असा हा सोकोलोव आणि लायन यांचा १९४९ सालचा निकष. एवढ्या सोप्या बेरजेवर डॉक्टर आजही चालतात याचं मला नवल वाटलं. पण त्यानं लगेच पुढचं सांगितलं: बेरीज कमी आली म्हणून भिंत जाड नाही असं म्हणता येत नाही. ईसीजीच्या नजरेतून पुष्कळ जाड भिंती सुटतात. खरं मोजमाप इकोतच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत होतं.

टू-डी इकोच्या खोलीत अंधार असतो. डाव्या कुशीवर वळायचं, डावा हात डोक्याखाली. छातीवर गार जेल लावतात आणि बरगड्यांच्या फटीतून प्रोब दाबून धरतात. ते थोडं दुखतं. "श्वास सोडा... सोडून धरा... हं, घ्या." मी मान वळवून पडद्याकडे पाहत होते. करड्या रंगात एक झडप उघडत होती, मिटत होती. मधेच त्यानं आवाज सुरू केला आणि खोलीभर सपसप असा रक्ताचा आवाज भरला. मी ५२ वर्षं ज्याच्या जिवावर उभी आहे ते मला पहिल्यांदाच दिसत होतं, आणि ते किती इमानानं काम करतंय हे पाहून माझे डोळे भरून आले.

त्यानं चित्र थांबवलं. पडद्यावर अधिकची दोन चिन्हं ठेवली, मधे तुटक रेघ आली. हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा १३ मिलिमीटर. मागची भिंत ११. मधली पोकळी ४४. "बायकांमध्ये भिंत ६ ते ९ असते, बाई," तो म्हणाला.

१३ आणि ९ यांतला फरक फूटपट्टीवर चार बारीक रेघांचा. पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर पोरांची तेवढी चूक आम्ही सोडून देतो.

आमच्या घरी 'हार्ट मोठं झालंय' हे शब्द मी लहानपणापासून ऐकलेले. मला वाटायचं, हृदय फुग्यासारखं फुगतं. माझं तसं नव्हतं. छातीच्या एक्स-रेत सावली अगदी मापात होती. खालचा डावा कप्पा, पुस्तकात ज्याला डावं निलय म्हणतात, तो बाहेरून फारसा वाढला नव्हता. भिंत जाड झाली होती, आतली पोकळी वाढली नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळू नये अशी ती वाढ. बीपीमुळे होणारा बदल पुष्कळदा असाच सुरू होतो. पोकळी पसरणं, भिंत ताणून सैल पडणं हे त्यानंतर काहींच्या वाट्याला येतं, आणि तेव्हा ते एक्स-रेतही दिसतं.

त्या रात्री रिपोर्ट घेऊन मी जेवणाच्या टेबलावर बसले. 'एलव्ही मास' असा एक शब्द त्यात होता, म्हणजे डाव्या निलयाच्या स्नायूचं वजन. इतकी वर्षं गणित शिकवल्यावर, न कापता वजन कसं काढलं हा प्रश्न मला झोपू देईना. सूत्र सापडलं आणि पाहिलं तर ते दहावीचं महत्त्वमापनच निघालं: बाहेरचं घनफळ वजा आतलं घनफळ. मधला पडदा, पोकळी, मागची भिंत यांची बेरीज करायची, तिचा घन करायचा. त्यातून पोकळीचा घन वजा करायचा. उरलेल्याला १.०४ नं गुणायचं, ही स्नायूची घनता. मग ०.८ नं गुणून ०.६ मिळवायचे. या शेवटच्या दोन दुरुस्त्या अमेरिकेतल्या रिचर्ड देवरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली बसवल्या, मृत्यूनंतर प्रत्यक्ष तोललेल्या हृदयांशी इकोची मापं ताडून पाहून. ज्या माणसांची हृदयं तोलली गेली ती मला कधीच कळणार नाहीत, पण माझं हृदय जागच्या जागी तोलता आलं ते त्यांच्यामुळे.

माझी मापं सेंटिमीटरमध्ये १.३, ४.४ आणि १.१. बेरीज ६.८. घन ३१४.४. त्यातून ४.४ चा घन ८५.२ वजा. उरले २२९.२. गुणाकार करून, मिळवून १९१ ग्रॅम. हे शरीराच्या क्षेत्रफळानं भागतात, म्हणजे उंच आणि बुटक्या माणसाची तुलना नीट होते. माझी उंची १५५, वजन ६४, क्षेत्रफळ १.६६ चौरस मीटर. भागाकार ११५. बायकांची मर्यादा ९५. पुरुषांची असते ११५. रिपोर्टमध्ये छापलेला आकडा आणि माझा आकडा जुळला. एरवी उत्तर जुळलं की बरं वाटतं, त्या रात्री वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्याला फोन करून विचारलं, "भिंत जाड का होते? कुणी सांगितलं तिला?" तो म्हणाला, "बाई, लाप्लासचा नियम." लाप्लास मला गणितज्ञ म्हणून ठाऊक होते, ते हृदयातही आहेत हे ठाऊक नव्हतं. पोकळ वस्तूच्या आत दाब असला की भिंतीवर ताण येतो. दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. मी कच्चं गणित मांडलं. दाब १२०, त्रिज्या २२ मिलिमीटर, भिंत ९: ताण १४७. आता दाब १७० झाला आणि भिंत तेवढीच राहिली: २०८. आणि भिंत सरासरी १२ झाली: १५६.

वहीतल्या या तीन आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत बसले. २०८ वर गेलेला ताण हृदयानं १५६ वर आणून ठेवला होता. मी चार वर्षं त्याच्यावर जो भार टाकला, तो त्यानं स्वतःची भिंत भरून पेलला होता. मिनिटाला ७२ धरले तर दिवसाला एक लाखाहून जास्त ठोके होतात. चार वर्षांचे पंधरा कोटींच्या वर. त्यातला प्रत्येक ठोका वाढलेल्या दाबाविरुद्ध महाधमनीची झडप उघडत होता. 'मला काही त्रास नाही' असं मी म्हणत होते, कारण सगळा त्रास ते सोसत होतं.

मग हे चांगलंच झालं की, असं वाटेल. पण हाताचे दंड व्यायामानं भरतात तशी ही भिंत भरत नाही, आणि हा फरक समजायला मला वेळ लागला. मोठ्या माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी जवळजवळ तयार होत नाहीत. आहे तीच पेशी जाड होते, तिच्यात आकुंचनाचे धागे एकाशेजारी एक वाढत जातात. त्याच वेळी पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजनचे ताठ तंतू साठतात. दोरखंडात काथ्याबरोबर तारा विणल्या तर तो मजबूत होईल, पण वळणार नाही, तसं. शिवाय स्नायू वाढला त्या मानानं त्याला रक्त पोचवणाऱ्या केशवाहिन्या वाढत नाहीत. डाव्या निलयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं तेही मुख्यतः तो सैल पडतो तेव्हा. आणि माझा नेमका सैल पडायलाच मंद झाला होता.

रिपोर्टमध्ये दोन ओळी होत्या. एक, 'ईएफ ६२ टक्के'. दुसरी, 'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन', म्हणजे सैल पडून रक्त भरून घेण्यात पहिल्या पायरीचा बिघाड. घरी सगळ्यांनी पहिली ओळ वाचली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पंपिंग उत्तम आहे, काळजीचं काय त्यात?" आमचे हेही म्हणाले, "अगं, ६२ म्हणजे फर्स्ट क्लास." इथेच पुष्कळ घरांत गाडी थांबते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं. किती भरलं, आणि भरायला किती जोर लागला, हे त्यात येत नाही. ताठ झालेला कप्पा फेकतो छान, पण भरून घेताना अडतो. निरोगी हृदयात झडप उघडताच बहुतेक रक्त आपोआप आत ओढलं जातं. माझ्यात ते पुरेसं येत नव्हतं, आणि उरलेलं ढकलायला वरच्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागत होता. बसल्या जागी हे निभतं. चढावर ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला भरायचा वेळ कमी होतो, मागचं रक्त तुंबतं, तो दाब फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि दम लागतो. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर मला जे होत होतं ते हे. वय नव्हे, वजनही नव्हे.

जास्त जोर लावून लावून माझा वरचा डावा कप्पाही थोडा ताणला होता. त्याचं घनफळ, शरीराच्या क्षेत्रफळानं भागून, ३६ मिलिलिटर आलं होतं, मर्यादा ३४. हा कप्पा वाढत गेला की त्याची लय बिघडू शकते, तो नुसता थरथरत राहतो, त्यात रक्ताची गाठ धरते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हे ऐकताना मी शांत होते. पुढचं त्यानं सहज विचारलं तेव्हा मात्र मी हलले. "घरात कुणाला, बाई?"

माझी आई. तिला बीपी होतं हे सगळ्यांना माहीत होतं. गोळी ती सणावाराला, चक्कर आली तर घ्यायची. शेवटच्या वर्षी ती आडवी झोपू शकत नव्हती. आधी दोन उशा, मग तीन, मग भिंतीला गादीची वळकटी लावून ती बसूनच रात्र काढायची. आडवं झालं की पायाकडचं रक्त छातीकडे येतं आणि ताठ हृदयाला ते पुढे सरकवता येत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही म्हणायचो, कफ झालाय, ओवा-हळद देऊ या. पहाटे ती उठून खिडकीशी उभी राहायची आणि मी म्हणायचे, "आई, पड गं जरा." पडणं हेच तिला शक्य नव्हतं. १९९८ साली ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हार्ट मोठं झालं होतं. त्या वाक्याचा अर्थ मला २५ वर्षांनी, माझ्या रिपोर्टवरून कळला. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मी कुणाशी बोलू शकले नाही.

पुढच्या तपासण्या भराभर झाल्या. रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, लघवीतली प्रथिनं, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. डोळ्यातल्या बारीक धमन्या अरुंद झालेल्या होत्या, बाकी ठीक. एक तपासणी मात्र मनात राहिली, २४ तासांच्या बीपीची. दंडाला पट्टा, कमरेला लहान यंत्र. दिवसा दर २० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासानं ते आपोआप फुगतं. फुगताना हात स्थिर ठेवायचा.

मी सुट्टी घेतली नव्हती. दहावीच्या वर्गात शंकूछेदाचं उदाहरण फळ्यावर सोडवताना पट्टा फुगायला लागला. मी खडू खाली ठेवला, हात सोडून उभी राहिले. साठ मुलांचा वर्ग एकदम गप्प झाला. एका मुलीनं विचारलं, "बाई, दुखतंय का?" म्हटलं, नाही. "मग कशाला लावलंय?" मला वाटलं, सांगावं. फळ्यावर दोन पोकळ गोळे काढले. दोघांची भिंत सारखीच जाड केली, पण एकाची पोकळी होती तेवढी ठेवून आणि दुसऱ्याची पोकळी मोठी करून. विचारलं, कोणत्या गोळ्याची भिंत त्रिज्येच्या मानानं जाड? डॉक्टरही हेच गुणोत्तर काढतात, मागच्या भिंतीची दुप्पट भागिले पोकळी. माझं २२ भागिले ४४, म्हणजे ०.५. मर्यादा ०.४२. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्या दिवशी घरी जाऊन किती मुलांनी आपल्या आईवडिलांना बीपी मोजायला लावलं हे पुढच्या आठवड्यात कळलं, आणि दोन घरांत ते जास्त निघालं.

त्या यंत्राचा निकाल असा: दिवसाची सरासरी १५८/९४, रात्रीची १५१/८९. झोपेत बीपी किमान दहा टक्के उतरायला हवं. माझं जेमतेम पाच टक्के उतरत होतं. म्हणजे रात्रीही त्या भिंतीला विसावा नव्हता. दवाखान्यात एकदा मोजून हे कधीच दिसलं नसतं. घोरते का, झोपेत श्वास अडतो का, हेही त्यानं आमच्या ह्यांना विचारून घेतलं, कारण तेही रात्रीचं बीपी चढं ठेवतं. तसं काही नव्हतं.

औषध म्हणजे टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन, एकाच गोळीत. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं. हा पदार्थ रक्तवाहिन्या आवळतो एवढंच मला वाटत होतं, पण हृदयाच्या पेशींना 'वाढा' आणि मधल्या तंतूंना 'साठा' असा निरोपही तोच देतो. म्हणून या जातीची औषधं बीपी उतरवण्याबरोबर भिंतही उतरवायला मदत करतात. २००२ साली 'लाइफ' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ईसीजीत डावी बाजू वाढलेली दिसणाऱ्या नऊ हजारांहून जास्त लोकांचा. त्यात याच कुळातल्या लोसार्टननं अॅटेनोलॉल या बीपीच्या जुन्या औषधापेक्षा ही वाढ जास्त कमी केली आणि पक्षाघातही कमी झाले. दोन्ही गटांत बीपी जवळपास सारखंच उतरलं होतं, म्हणून त्या निकालाला वजन आहे. मला दुसऱ्या महिन्यात अॅम्लोडिपिननं घोट्यांवर सूज आली. मागच्यासारखी गोळी बंद न करता मी फोन केला. त्यानं तिचा डोस निम्मा केला आणि जोडीला लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं क्लोरथॅलिडोन अगदी थोडं दिलं. सूज गेली.

मिठाचं मी मोजून पाहिलं, कारण 'आमच्याकडे फार नाही खात' असं प्रत्येक घर म्हणतं. किलोची पिशवी फोडली त्या तारखेची नोंद पिशवीवर केली. चार माणसं, २४ दिवसांत पिशवी संपली. हजार भागिले ९६, म्हणजे माणशी रोज १०.४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ च्या आत. आणि यात पापड, लोणचं, फरसाण, पाव यांतलं मीठ धरलेलंच नाही. ताटात वाढायचं मीठ बंद केलं, कणकेतलं बंद केलं, खर्डा आठवड्यातून एकदाच, पापड सणाला. आता तीच पिशवी ४२ दिवस जाते, सहा ग्रॅमच्या जवळ. पहिले तीन आठवडे सगळ्यांना आमटी पाण्यासारखी लागली, नंतर कुणी तक्रार केली नाही. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन चालू असताना ते रक्तात साठू शकतं, म्हणून ते विचारल्याशिवाय वापरायचं नाही हेही मला तेव्हाच कळलं.

त्या हिवाळ्यात मी मिळेल ते वाचत होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याविषयी वाचलं. मार्च १९४४ मध्ये नौदलाच्या हॉवर्ड ब्रूएन या तरुण हृदयतज्ज्ञानं त्यांना तपासलं, तेव्हा बीपी १८६/१०८ होतं आणि हृदयाची डावी बाजू वाढलेली. महायुद्ध चालू होतं. जगातला सगळ्यात बलाढ्य माणूस, आणि डॉक्टरांच्या हातात होतं काय, तर डिजिटॅलिस हे हृदयाचं जुनं औषध, मीठ कमी आणि विश्रांती. बीपी उतरवणारं चांगलं औषधच नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा बीपी ३००/१९० मोजलं गेलं. वय ६३. वाचून मी पुस्तक मिटलं. त्यांच्याकडे औषध नव्हतं. माझ्या आईच्या कपाटात मात्र गोळ्यांची पाकिटं पडून होती, ती गेल्यावर आम्हीच ती आवरली.

घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजते, वहीत लिहिते. सहाव्या आठवड्यापासून सरासरी १३०/८० च्या खाली आहे. चढावरचा दम तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कमी वाटू लागला, पण मी त्यावर विश्वास ठेवला नाही. 'बरं वाटतंय' या शब्दांवर मी एकदा चार वर्षं घालवली आहेत. मला भिंत मोजून हवी होती.

दुसरा इको डिसेंबर २०२४ मध्ये, १५ महिन्यांनी. मी आग्रह धरला की यंत्र तेच हवं आणि मोजणाराही तोच. कारण सूत्रात घन आहे. मी ताडून पाहिलं होतं, पहिल्या रिपोर्टमधला पडदा १३ ऐवजी १२ वाचला असता तर वजन १९१ ऐवजी १८० आलं असतं. एका मिलिमीटरला ११ ग्रॅम. हात जरा तिरका पडला तरी तेवढा फरक होतो. त्यानं माझं ऐकलं, आणि मोजून होईपर्यंत जुना रिपोर्ट उघडायचा नाही असं स्वतःच ठरवलं. पुन्हा तोच अंधार, तेच गार जेल, तोच सपसप आवाज.

पडदा ११. मागची भिंत १०. पोकळी ४५.

मी खुर्चीत बसून तिथेच, रिपोर्टच्या पाठीवर बेरीज केली. ६.६. घन २८७.५. वजा ९१.१. १६४ ग्रॅम. माझं वजन आता ६१, क्षेत्रफळ १.६२. भागाकार १०१. २७ ग्रॅम स्नायू कमी झाला होता. ९५ च्या आत अजून आलेला नाही. भिंतीचं गुणोत्तर ०.४४, तेही मर्यादेच्या जरा वर. वरचा कप्पा ३५, म्हणजे जवळजवळ होता तिथेच. त्यानं सांगितलं, पेशींची जाडी आधी उतरते, तंतूंचा ताठपणा फार हळू उतरतो, थोडा कदाचित राहूनही जाईल. मला त्याचं असं सरळ सांगणं आवडलं.

माझा थोरला भाऊ फलटणला असतो. आई तीच, घर तेच, जेवण तेच. दिवाळीत तो आला होता तेव्हा मी त्याला पाच मिनिटं बसवून बीपी घेतलं, १६४/९८. म्हणाला, "अगं, मला काहीच त्रास नाही." मी काही बोलले नाही. वही आणली आणि १४७, २०८, १५६ हे तीन आकडे त्याच्यापुढे मांडले, मग आईच्या उशांची गोष्ट काढली. तो खूप वेळ गप्प बसला. शनिवारी त्याचा इको आहे. सकाळच्या एसटीनं तो येतोय, आणि मी त्याच्याबरोबर आत बसणार आहे.